माप ८, बूट ९

एकच बूट करंगळीला चावतोही आणि टाचेतून निसटतोही, अशी गिऱ्हाइकाची तक्रार होती. बूट महागाचा, वेल्ट शिवणीचा (वरचं चामडं नि सोल कडेच्या पट्टीने शिवून जोडलेला) ऑक्सफर्ड, म्हणजे लेसच्या बाजू खालून बंद असलेला बूट; ८ नंबर, रुंद फिटिंग. आधी साधं फिटिंग घेतलेलं, ते चावलं म्हणून विकणाऱ्याने रुंद गळ्यात मारलं. ही ठरलेली पळवाट. बऱ्याच फर्म्यांत, म्हणजे बूट ज्यावर बेततात त्या पायाच्या साच्यांत, घेर वाढवला की टाचही सैल होते.

त्यांना उभं करून दोन्ही पाय मापले. बसून घेतलेलं माप फसवतं, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबतं नि पसरतं. ब्रॅनॉकच्या मापपट्टीवर, म्हणजे पाऊल ठेवून मापायच्या धातूच्या पाटीवर, टाच ते बोटाचं टोक आलं ८. बहुतेक दुकानांत माप इथेच संपतं. बाजूची सरकती खूण टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर दाखवते, ती मात्र ९ वर थांबली. बोटं आखूड, मागचं पाऊल लांब. अशा वेळी दोन्हींतला मोठा आकडा धरायचा.

बूट चवड्यापाशी, म्हणजे बोटांच्या मुळाशी, सर्वांत रुंद असतो आणि वाकतोही तिथेच. एका नंबरचा फरक सुमारे ८.५ मिमी, त्यात सांध्याची जागा साधारण ६ मिमी सरकते. तेवढ्याने यांचा चवडा निमुळत्या भागात शिरला होता. सोल एकीकडे वाकायचा, पाऊल दुसरीकडे, म्हणून टाच उचलली जायची. जुन्या बुटावरच्या घड्याही सांध्याच्या बऱ्याच मागे पडलेल्या.

९ नंबर, नेहमीचं फिटिंग पायात घातलं. लगेच अंगठ्याने टोक दाबून पाहिलं त्यांनी. "अहो, पुढे बोटभर जागा राहतेय!" राहू दे की. टोकाची लांबी फर्म्याच्या आकारावर असते. चवडा आणि टाच जागेवर बसली की पुढची पोकळी कुणाला त्रास देत नाही. चामडं रुंदीत सैलावतं, लांबीत नाही, हे मात्र दहादा सांगावं लागतं.

अडलं ते डाव्या पायावर. त्याचा वरचा उंचवटा कमी, त्यामुळे लेसच्या दोन्ही बाजू पार मिटल्या. उजवीकडे १ सेंमी फट होती. नव्या बुटात ती हवीच, कारण आतला बुचाचा थर दबतो आणि बूट सैलावतो. टाचेखाली गादी घालायची नाही, तिने टाच आणखी वर येते. लेसखालच्या जिभेला आतून ३ मिमी नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी चिकटवली. पाऊल मागे सरकलं, फट ५ मिमी उघडली.

पण नमदाही दबणार. पुन्हा फट मिटली तर दुसरी पट्टी पायाच्या वरच्या हाडावर रुतेल. डर्बी, म्हणजे लेसच्या बाजू खालून मोकळ्या असलेला बूट, जास्त सोयीची होती, पण त्यांना ऑक्सफर्डच हवा होता. खरं तर डाव्या पायाला एक फिटिंग बारीक द्यायला हवं, पण त्यासाठी जोडी फोडावी लागते, आणि ती सहसा कुणी फोडत नाही.