मानेची चकती आणि आजचा दिवस

आज एमआरआयचा रिपोर्ट घेऊन स्पाइन सर्जनकडे गेले. 'सी५-सी६ डिजनरेटेड डिस्क' (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादीसारखी चकती झिजलेली) वाचल्यापासून मला ऑपरेशन टेबलच दिसत होतं. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून आधी हातांची ताकद, बोटांची संवेदना, रिफ्लेक्स तपासले. चालायला लावलं. म्हणाले, चाळिशीनंतर अशी झिजलेली चकती मान कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये दिसते. उपचार फोटोवर नाही, त्रासावर ठरतो.

माझी कळ खांद्यातून अंगठ्यापर्यंत जाते, म्हणजे नस दाबली जातेय. पण ताकद शाबूत आहे. म्हणून आधी फिजिओथेरपी, थोडे दिवस गोळ्या. बहुतेकांना एवढ्यावरच उतार पडतो म्हणे. नाहीच पडला तर इंजेक्शन (मानेत सुई म्हटल्यावर मी विषयच बदलला!), आणि शेवटी ऑपरेशन: चकती काढून दोन मणके जोडायचे, नाहीतर कृत्रिम चकती बसवायची. जोडलं की तिथली हालचाल थांबते. कृत्रिम चकतीत राहते, पण ती सगळ्यांना चालत नाही.

एक मात्र बजावलं. शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर लगेच यायचं. तेव्हा मज्जारज्जूच दाबला जात असू शकतो.

उद्यापासून फिजिओ. मोबाइल डोळ्यांसमोर धरून टाइप करतेय, हात भरून आलेत.