काम नावाचा रकाना (अपडेट ४)

मंडळी, लई दिवसांनी अपडेट टाकतेय, त्यामुळे नवीन लोकांसाठी थोडक्यात: गावात, रानात, डोंगरावर वाढणाऱ्या मुलींच्या जुन्या कादंबऱ्या आधी वाचायच्या आणि मग त्यांच्यावर सिनेमा, सीरियल, अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) जे काही निघालंय ते ओळीने बघायचं, असा घाट घातलाय. आत्तापर्यंतचा हिशोब असा. 'हायडी'चे दोन्ही भाग वाचून झाले, १९३७ चा बालनटी शर्ली टेंपलवाला सिनेमा झाला, १९७४ च्या अ‍ॅनिमेचे ५२ च्या ५२ भाग झाले. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' दुसऱ्यांदा वाचलं, १९८५ ची मेगन फॉलोजवाली मिनी सीरिज झाली, 'अ‍ॅन विथ अ‍ॅन ई'चे तिन्ही सीझन झाले, १९७९ चं अ‍ॅनिमे ३१ व्या भागावर आलंय. 'लिटल हाऊस'ची पुस्तकं झाली पण सीरियल नऊ सीझनची आहे हो, मी दुसऱ्यातच रखडलेय.

आता मुद्द्यावर येते. सुरुवातीला वहीत रकाने होते ते केस, कपडे, सीनरी, काय गाळलं, काय घुसडलं असले. अ‍ॅन दुसऱ्यांदा वाचताना सहज एक नवीन रकाना आखला, 'काम'. म्हणजे ही पोरगी दिवसभर हाताने नेमकं काय करते, आणि पडद्यावर त्यातलं किती दिसतं. आणि खरं सांगते, त्या एका रकान्यापुढे बाकीची वही मला फालतू वाटायला लागलीये.

हायडीचंच बघा. मला वाटलं होतं डोंगरावरची पोर, रकाना भरून वाहील. तर पुस्तकात आल्प्सवर तिला कामच नाहीये जवळजवळ! बकऱ्यांचं दूध काढणं, चीज करणं, लाकूड तासणं हे सगळं आजोबांचं, आणि पोटासाठी राबणारं पोर कोण तर पीटर, जो अख्ख्या गावाच्या बकऱ्या वळतो, बाप गेलेला, घरी आई आणि आंधळी आजी. हायडी त्याच्याबरोबर नुसती हुंदडते. मग तिला कामाला लावलं कुठे? तर फ्रँकफर्टला, मावशी तिला फसवून नेते ते श्रीमंताघरच्या, चालता न येणाऱ्या क्लाराची सोबतीण म्हणून. म्हणजे आठ वर्षांच्या पोरीची पहिली नोकरीच म्हणा की ती, आणि तिथेच ती सुकत जाते, झोपेत चालायला लागते. हे मी लहानपणी 'तिला घराची आठवण येते' एवढंच वाचलं होतं. रकाना आखल्यावर दिसलं की डोंगर म्हणजे तिची सुट्टी आहे, आणि त्या सुट्टीची किंमत पीटर मोजतोय. क्लाराची चाकाची खुर्ची तो कड्यावरून ढकलतो ते मला आता नुसतं मत्सर वाटत नाही.

१९३७ च्या सिनेमात यातलं काही विचारू नका. क्लारा डोंगरावर येतच नाही, ती फ्रँकफर्टमध्येच चालायला लागते, आणि शेवटी क्लाराच्या घरची कडक बाईसाहेब हायडीला विकायला निघते, पळापळी, घोडागाडी वगैरे. टाइमपास म्हणून ठीक. अ‍ॅनिमे मात्र जबरदस्त. दिग्दर्शक इसाओ ताकाहाताची टीम १९७३ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन सगळं बघून आली होती आणि ते कळतं, चरवीत दूध पडतंय, विस्तवाशी धरलेलं चीज वितळतंय, गवताचं अंथरूण घातलं जातंय, एका साध्या गोष्टीला दोन दोन मिनिटं देतात आणि आपण गपगुमान बघत बसतो. पण खुर्चीचं प्रकरण तिथे बदललंय, पीटरला त्यातून सोडवलाय, आणि मला ते पटलं नाही. शिवाय एक भलामोठा कुत्रा आणलाय जो पुस्तकात नाहीच. (कुत्रा आवडला. तक्रार नाही.)

आता अ‍ॅन. खरं घबाड इथे सापडलं. (ती अनाथ पोर, मुलगा मागवलेल्या कथबर्ट भावंडांकडे, म्हणजे मरिला आणि मॅथ्यूकडे, चुकून आलेली.) पाचव्या प्रकरणात मरिला तिला परत पाठवायला घोडागाडीतून नेत असते आणि वाटेत अ‍ॅन आपली हकिगत सांगते. थॉमसबाईंकडे त्यांची चार पोरं सांभाळली, मग हॅमंडबाईंकडे आठ पोरं, त्यात तीन वेळा जुळी, मग चार महिने अनाथाश्रम. वय वर्षं अकरा. मरिला विचारते, त्या बायका तुझ्याशी बऱ्या वागायच्या का, तर ही लाल होते आणि चाचरत एवढंच म्हणते की त्यांच्या मनात तसं होतं. बस्स, संपलं. मार नाही, रडारड नाही. आणि मग थेट अठराव्या प्रकरणात मैत्रीण डायनाची धाकटी बहीण रात्री घशाने गुदमरायला लागते, घरात मोठं कुणी नाही, तेव्हा अ‍ॅन शांतपणे इपिकॅकची (उलटी करवणाऱ्या औषधाची) बाटली घेऊन निघते, कारण तीन जुळ्यांना हाच आजार होऊन गेलाय आणि ते तिनेच निस्तरलंय! जे राबणं पाचव्या प्रकरणात दोन ओळींत उडवलं तेच इथे एका पोरीचा जीव वाचवतं. लेखिका मॉन्टगोमेरीबाईंनी हे १९०८ मध्ये, कुठेही बोट न दाखवता केलंय.

पडद्यावर हे जमवणं अवघड आहे कारण कॅमेऱ्याला 'न सांगणं' झेपत नाही. १९८५ वाल्यांनी सुरुवातच हॅमंडांच्या घरापासून केलीये, पाच-सात मिनिटांत राबणं दाखवून मोकळे, ते चालून जातं. 'अ‍ॅन विथ अ‍ॅन ई' मध्ये फ्लॅशबॅकवर फ्लॅशबॅक, मार, किंकाळ्या, मला ते जड गेलं, म्हणजे खोटं नाहीये पण मरिलाला ओळींच्या मधलं वाचायला काही ठेवलंच नाही. आणि आगीचा जो नवीन प्रसंग घातलाय त्यात अ‍ॅनला दारं-खिडक्या लावायचं कसं सुचतं, तर म्हणे आश्रमात आगीबद्दलचं पुस्तक वाचलं होतं. अरे, जिच्याकडे हातचं शिकलेलं एवढं आहे तिला पुस्तकी कशाला करता? पण एक मार्क द्यायलाच हवा, शेतावर कामाला येणारा फ्रेंच मुलगा जेरी. पुस्तकात तो नावापुरता, इथे त्याला घर, भाऊ-बहिणी, सगळं दिलंय. मुळात कथबर्टांना मुलगा हवा होता तो मॅथ्यूला शेतात हाताखाली, हे आपण विसरूनच जातो ना!

अ‍ॅनिमेबद्दल पूर्ण झाल्यावर लिहीन. एकाच कादंबरीला ५० भाग, त्यामुळे भांडी घासायलाही वेळ आहे, मी खुश. पहिल्या १५ भागांचं लेआऊट (दृश्यांची मांडणी) पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या मियाझाकीचं आणि मग तो सोडून गेला असं सगळे सांगतात, मला १६ व्या भागात काही फरक कळला नाही, खोटं कशाला बोलू.

'लिटल हाऊस'साठी (अमेरिकेत नव्या वस्तीत राहणाऱ्या लॉरा आणि तिच्या घरच्यांची पुस्तकं) वहीला जास्तीची पानं चिकटवावी लागली. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी शिवणटिपण, गुरुवारी लोणी घुसळणं असा आठवडाच बांधलेला आहे, हिवाळ्यात लोणी पांढरं पडतं म्हणून आई किसलेलं गाजर दुधात उकळून तो रंग घालते, हे असलं वाचायला मी कितीही वेळ बसेन. पण पुढे पुढे तो रकाना बदलत जातो. १८८०-८१ च्या हिवाळ्यात आगगाड्या बंद, तेव्हा लॉरा बापाबरोबर गवताला पीळ देऊन जळण करते आणि घरातले आळीपाळीने कॉफीच्या गिरणीत गहू दळतात. मग बहीण मेरीच्या कॉलेजसाठी शर्टं शिवायला, रोज २५ सेंट. मग पंधराव्या वर्षी मास्तरीण, दोन महिन्यांचे ४० डॉलर. आणि कॅन्ससवाल्या पुस्तकात तर घर, विहीर, नांगरट एवढा सगळा घाम ओसेज या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर गाळला जातो. १९३५ च्या आवृत्तीत तिथे 'माणसं नव्हती' असं होतं, ते पुढे १९५३ मध्ये बदलून 'वसाहतकरी नव्हते' केलं. माझ्याकडे बदललेलीच प्रत आहे, तरी त्या पानावर अडखळायला झालंच.

सीरियलमध्ये बहुतेक सगळं वॉलनट ग्रोव्ह या गावातच, शूटिंग कॅलिफोर्नियाच्या उन्हात, बापाची दाढी गायब (पुस्तकात भरघोस आहे!), आणि काम म्हणजे बाप लाकडं फोडतो, भावुक म्युझिक. दुकानदाराची आगाऊ पोर नेली ऑल्सन आली की मजा येते, एरवी मी फोन बघते. शेवटी गावच सुरुंग लावून उडवतात हा स्पॉयलर मला कधीचाच लागलाय, तिथवर पोचायची जिद्द मात्र त्यानेच टिकून आहे.

अ‍ॅनच्या पानावर एक ओळ कायम कोरी राहणार, १९१९ चा मूकपट, त्याची प्रिंटच उरलेली नाही. १९३४ चा मिळालाय, त्यातल्या नटीने पुढे आपलं पडद्यावरचं नावच 'अ‍ॅन शर्ली' करून घेतलं म्हणे ती हीच.

पुढचा नंबर 'रेबेका ऑफ सनीब्रुक फार्म'मधल्या रेबेकाचा, १९०३ चं पुस्तक निम्मं झालंय. त्यात ती गरीब कुटुंबाला दिवा मिळावा म्हणून दारोदार साबण विकते, ते मी वहीत आनंदाने लिहिलं. मग उत्सुकतेपोटी १९३८ च्या सिनेमाची पहिली वीस मिनिटं बघितली, तर शर्ली टेंपल त्यात रेडिओवर गाते. कामाच्या रकान्यात काय लिहू, रेडिओ?