गळवात गॉज भरण्यापूर्वी

तातडीच्या विभागात गळू फोडणे हे किरकोळ काम समजले जाते आणि म्हणूनच ते कसे करावे याचा पुरेसा विचार होत नाही. आम्हाला शिकवलेली पद्धत ठरलेली होती: बधिर करण्याचे इंजेक्शन, चीर, आतले कप्पे मोडून पू काढणे, आणि शेवटी पोकळीत गॉजची पट्टी भरणे. या शेवटच्या पायरीवरचा माझा विश्वास आता उरलेला नाही.

दोन दिवसांनी ती पट्टी काढताना ती आतल्या कच्च्या भागाला चिकटलेली असते, आणि पलंगाच्या कठड्यावर आवळलेली रुग्णाची मूठ पाहिली की आपण नक्की कोणाच्या सोयीसाठी हे करतो आहोत, असा प्रश्न पडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या चाचणीत पट्टी भरलेल्यांना वेदना अधिक झाल्या आणि फायदा मात्र दिसला नाही. अभ्यास छोटा आहे हे खरे. पण लहान, साध्या गळवांत पट्टी न भरण्याइतका आधार त्यातून मला मिळतो.

सुईने पू ओढून घेणे सौम्य वाटते, पण पू घट्ट असतो आणि कप्पे तसेच राहतात. २०११ च्या एका चाचणीत सोनोग्राफीच्या मदतीने सुई वापरूनही यश सुमारे २६ टक्के रुग्णांत मिळाले, तर चीर दिलेल्यांत ८० टक्के.

मला सर्वांत पटलेली पद्धत लूपची आहे. गळवाच्या दोन कडांना जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची दोन छिद्रे घ्यायची, एकातून आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे बारीक टोकाचा चिमटा, घालून कप्पे मोडायचे, त्याचे टोक दुसऱ्या छिद्रातून बाहेर काढून त्यात सिलिकॉनची बारीक दोरी पकडायची आणि मागे ओढून त्वचेवर सैल गाठ मारायची. दोरी निसरडी असल्याने गाठी चार-पाच तरी हव्यात, आणि गाठ घट्ट बसली तर त्वचा कापते. रुग्ण घरी ती दोरी हलकेच पुढे-मागे सरकवतो, त्यामुळे छिद्रे बुजत नाहीत. आठ-दहा दिवसांत स्राव थांबला की एका कात्रीत काम संपते. लहान मुलांच्या बाबतीत तर पट्टी बदलण्याची भीतीच टळते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गुदद्वाराजवळचे, स्तनातले किंवा हाताच्या तळव्यातले खोल गळू मात्र शल्यचिकित्सकांकडेच सोपवावे. जांघेतल्या सुजेवर बोट ठेवून ठोका लागतो का, हे पाहिल्याशिवाय तिथे पाते लावू नये. ती फुगलेली रोहिणीही असू शकते.