अंगठा पोहोचतो का?

"मामा, माझा अंगठा मधल्या बटणापर्यंत पोहोचतच नाही," असे आज भाची नव्या टॅबलेटवर गेम खेळताना तो दोन्ही हातांत आडवा धरून म्हणाली, आणि प्रोसेसर, रॅम, रिफ्रेश रेट अशी मी वाचून दाखवत असलेली यादी तिथेच थांबली.

आठ इंची टॅबलेट साधारण 300 ग्रॅमचा असल्याने हातात पेलतो. पण फोनच्या मापाने मांडलेली बटणे त्यावर आत सरकल्यासारखी वाटतात. आम्ही गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन उडीचे बटण उजव्या कडेला ओढले, थोडे मोठे केले, थोडे पारदर्शक केले, आणि तिचा हात लगेच सैल पडला.

जाहिरातीत मात्र 120 हर्ट्झचा पडदा ठळक अक्षरांत असतो. त्यावर दर 8.3 मिलिसेकंदांनी चित्र बदलू शकते हे खरे. परंतु गेमच सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे 60 चित्रांवर, बांधलेला असेल, तर तो वेग खेळात उतरत नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती उष्णता, कारण टॅबलेटची पाठ तापली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी चित्र अडखळते. म्हणून ग्राफिक्स एक पायरी खाली ठेवले आणि चार्जिंगला लावून खेळायचे नाही, असे ठरवले.

अर्ध्या तासाच्या खेळानंतर वेग किती टिकतो, हा आकडा खोक्यावर का छापला जात नाही?