घंटा वाजली नाही

आज सकाळीही घंटा वाजली नाही. सलग दुसरा दिवस.

काल वाटलं, आपलंच लक्ष नसेल. पण कसं नसेल? पावणेसहाला मी दूध तापत ठेवते, ते वर यायच्या बेतात असतं तेव्हा आत अण्णांची, माझ्या वडिलांची, पूजेची घंटा वाजते आणि मी गॅस बारीक करते. इतकी वर्षं मी समजत होते की दुधावर माझं लक्ष असतं. काल दूध उतू गेलं. ओटा, बर्नर, खालची फरशी पुसताना कळलं की मी, या घरातली घोषित नास्तिक, रोज घंटेच्या भरवशावर उभी असते.

आज मुद्दाम दार लोटून पाहिलं. सोवळं नेसलेले, ताम्हनात देव, गंध उगाळून झालेलं, निरांजन लावलेलं. सगळं जिथल्या तिथे. घंटेलाही गंध-फूल वाहिलेलं होतं. नुसती उचलली नाही.

मंगळवारी जेवताना जे झालं त्यामुळेच हे, असं मी धरून चाललेय. पुरावा काही नाही.

दादाचे, माझ्या भावाचे, चिरंजीव दोन दिवसांसाठी आले होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून त्याला देव नसल्याचा शोध लागलाय, आणि त्या वयात वाटतं तसं त्याला वाटतंय की जगात पहिल्यांदा आपल्यालाच लागला. वरणभात संपायच्या आत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची किटली निघाली. पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, कुठल्याही दुर्बिणीतून दिसणार नाही इतकी लहान. आता नाही म्हणून दाखवा! रसेलची ही १९५२ सालची किटली तो नववीत असताना मीच त्याला दिली होती. "आहे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं असतं, आजोबा."

अण्णांनी ताकाची वाटी पुढे ओढली. "मी कुठे तुला आहे म्हणालो?"

"मग रोज तासभर आत काय करता?"

"पूजा."

मला हसू आलं. दादा मोबाइलमध्ये होता, नेहमीसारखा, त्याच्याविषयी आज लिहीत नाही. पोराला मात्र कुठे पकडच मिळेना. आणि मग तो म्हणाला, "आजी गेली तेव्हा कुठे होता तुमचा देव?"

अण्णांनी ताकात मीठ घातलं होतं, ढवळलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाले आणि उठले. मोरीतला नळ बराच वेळ चालू होता.

वाक्य त्याचं नाही. माझं आहे. तेरा वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात, दहाव्याच्या रात्री की बाराव्याच्या, मी ते अण्णांना म्हटलं होतं. शब्दाला शब्द. पोरगं तेव्हा सहा वर्षांचं, उंबऱ्याशी गाडी फिरवत बसलेलं. मला वाटलं, खेळतंय.

आईच्या त्या शेवटच्या महिन्याबद्दल लिहायला घेतलं होतं. खोडलं.

रात्री झोप आली नाही. सगळ्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर स्वतःची कीव आली. या घरात मी नास्तिक म्हणून राहते म्हणजे काय करते? दर गणपतीला उकडीचे एकवीस मोदक वळते. नैवेद्याच्या पानात मीठ वाढायचं नाही हे घरात सगळ्यात पक्कं मलाच ठाऊक. कधी कुणाशी वाद घातला नाही, त्या एका रात्रीचा अपवाद सोडून. आणि इतक्या वर्षांच्या गप्प बसण्याचं फळ काय, तर तेवढंच एक वाक्य पुढच्या पिढीत उतरलं. मोदक नाही उतरले.

नट डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगावी 'विवेकजागराचा वाद-संवाद' करायचे. लागू सरळ म्हणायचे, देव नाही, ती माणसाचीच कल्पना. दाभोलकर म्हणायचे, समितीचा देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे. कॉलेजात मला लागूच पटायचे, दाभोलकरांचं बोलणं हातचं राखून बोलल्यासारखं वाटायचं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्या हातचं राखून बोलणाऱ्या माणसावरच गोळ्या झाडल्या. त्या दिवशी अण्णा संध्याकाळी जेवले नाहीत. एकादशी नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच होतात.

शोषण म्हणावं तर अण्णांनी देवाच्या नावावर कुणाला कशाला लावलं? आईने उपास केले ते तिचे. मला कधी हात जोड म्हणाले नाहीत. गणपती दूध प्यायला तेव्हा, २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, अख्खं गाव चमचे घेऊन पळत होतं. अण्णाही भांडं घेऊन रांगेत उभे राहिले. मी घरात सूड घ्यायला टपून बसले होते. तासाभराने आले, चपला धुतल्या, म्हणाले, "खाली दुधाचा चिखल झालाय. चिकटलं सगळं." बस. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन जाऊन दाखवलं, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. ते मी अण्णांना मोठ्या विजयाने सांगितलं, तर म्हणाले, "मग, चपलेला काय लागलं होतं?" आणि दुसऱ्या दिवशी पूजेला बसले. घंटेसकट.

तेव्हा वाटलं, हा माणूस पुराव्यापुढे ठोंब्या आहे. आता वाटतं, त्यांनी तो माझ्याआधी बघितला होता, फक्त त्यांच्या पूजेचं त्यात काही अडकलेलं नव्हतं. मीमांसकांचं, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या त्या जुन्या पंथाचं, असंच असतं ना? जगाचा कर्ता कुणी ईश्वर असावा लागतो हे त्यांना मान्य नाही, पण कर्म मात्र करायचं, चोख, मंत्रातली एक मात्राही इकडची तिकडे न होता. आणि तरी ते आस्तिकच, कारण वेद मानतात. मनूच्या हिशेबात नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. पोराला हे सांगायला हवं होतं. त्याच्या किटलीत मीमांसक मावत नाहीत.

पण अण्णा मीमांसक आहेत हे तरी मला कुठून कळलं? "पूजा" या एका शब्दावरून?

देव आणि वेद दोन्ही नाकारणाऱ्या चार्वाकाचे ग्रंथ उरले नाहीत. त्याचं जे काही आपल्याला माहीत आहे ते बहुतेक त्याला खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांमधून. कॉलेजात याचा मला फार संताप यायचा. आज पहाटे कुशीवर वळताना मनात आलं की आमच्या घरात हे उलटं होणार आहे. दादाला रस नाही, पोरगं असं, आणि मी अशी. अण्णा लिहीत नाहीत, बोलत नाहीत. उद्या त्यांचा देव म्हणजे काय होता हे कुणी विचारलं तर सांगणारे आम्हीच, खोडून काढणारे. आणि आम्ही तरी काय सांगणार? ताकात मीठ घातलं होतं, ढवळलं नव्हतं.

यावर रडायला यायला हवं होतं, पण तेवढ्यात घंटेचा मंत्र आठवला आणि हसायलाच आलं. आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्. घंटा वाजवायची ती देवांनी यावं म्हणून आणि राक्षसांनी जावं म्हणून. म्हणजे दोन दिवस आमच्याकडे देवांना आमंत्रण नाही आणि राक्षसांना निरोप नाही. एक राक्षस काल सकाळच्या एसटीने गेला, डबा घेऊन, "आत्या, चकल्या मस्त" म्हणत. दुसरी राक्षसीण ओटा पुसतेय.

जाताना तो म्हणाला, या जनगणनेत मी धर्माच्या रकान्यात निरीश्वरवादी लिहिणार. लिही बाबा. २०११ ला देशभरात अशी नोंद जेमतेम ३३ हजारांची झाली होती आणि त्यात मी नव्हते. माणूस आला तेव्हा मी ऑफिसात होते, अण्णांनी दारात उभं राहून सगळ्या घराचं एका दमात सांगून टाकलं. त्या वेळी मी केवढी चिडले होते! आज वाटतं, मी घरी असते तरी अण्णांसमोर तो शब्द उच्चारला असता का? बहुतेक म्हटलं असतं, बाबा सांगतात तसं लिहा.

तर मुद्दा घंटेचा. पोरगं झोपलंय म्हणून काल वाजवली नसेल, हे चाललं असतं. पण आज तर ते नव्हतं. हात दुखत असेल? फुलं वाहायला दुखत नाही. रागावले असतील, तर देवावर की माझ्यावर? की तेरा वर्षांपूर्वीचं उत्तर आता शोधतायत? एका न वाजलेल्या घंटेवर मी दोन दिवसांत अख्खं पुराण रचलंय, आणि पोराला शिकवत होते की पुरावा नसताना काही मानू नये. सरळ विचारायला काय जातं? जिभेवर येतं, आणि मी विचारते, "चहा टाकू?"

शुक्रवार, सकाळ.

आजही नाही. मी पातेल्यासमोर उभी होते, पण खरं तर कान तिकडे होते, दुधाकडे बघतच नव्हते. साय फुगून कडेला आली, आणि आतून अण्णांचा आवाज आला, "अगं, दूध!"

मी गॅस बंद केला.