जुन्या पिकअपच्या स्टेअरिंगमधला प्ले शोधताना

पुण्याजवळच्या वेल्ह्याकडच्या शेतीसाठी आम्ही वापरतो ती फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप 15 वर्षांहून जुनी आहे. यंदा तिचे स्टेअरिंग इतके सैल झाले, की कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना गाडी सरळ ठेवण्यासाठी हात सतत डावीउजवीकडे हलवत राहावे लागे. त्या उतारावर मागून भरलेले ट्रक येत असतात, आणि तेथे अशी गाडी चालवणे मला मुळीच मान्य नव्हते.

गॅरेजमध्ये स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगची गिअरपेटी, बदलण्याचा सल्ला मिळाला. परंतु हाताची हालचाल कॉलम (स्टेअरिंगखालचा दांडा), बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्सला जोडलेला आखूड दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही चाके जोडणारा दांडा) अशा वाटेने चाकापर्यंत पोहोचते आणि यांतल्या प्रत्येक सांध्यात थोडी थोडी हरवू शकते. ती नेमकी कोठे हरवते हे पाहिल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, असे मी ठरवले.

आधी प्ले, म्हणजे स्टेअरिंगची मोकळी हालचाल, मोजला. पुढची चाके हलू लागेपर्यंत स्टेअरिंग कडेवर सुमारे 7 सेंटीमीटर मोकळे फिरत होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 प्रमाणे हा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. 40 सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ते अंतर साधारण 10 सेंटीमीटर होते. म्हणजे गाडी नियमात बसत होती, तरी घाटात उतरण्यासाठी ही मर्यादा मला फारच सैल वाटते.

खरी तपासणी मात्र गाडी उचलून नव्हे, तर चाके जमिनीवरच ठेवून करावी लागते, कारण टायर जमिनीला धरून राहिले तरच सांध्यांवर जोर येतो आणि झीज उघडी पडते. पॉवर स्टेअरिंग असल्यामुळे इंजिन चालू ठेवले, गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना दगड लावले. पुतण्या आत बसून स्टेअरिंग थोडेसेच डावीउजवीकडे हलवत राहिला, आणि मी इंजिनच्या पंख्यापासून हात दूर ठेवून एकेक सांधा पाहत गेलो. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटाला कळतो. बोट अर्धे सांध्याच्या एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर ठेवले, की दोन्ही भाग वेगवेगळे सरकताना स्पष्ट जाणवतात. कॉलमचे युनिव्हर्सल जॉइंट घट्ट होते. ड्रॅग लिंकचा पिटमन आर्मकडचा बॉल जॉइंट मात्र खटखटत होता आणि त्याचे रबर बूट फाटले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टेअरिंग बॉक्सच चेसिसवर किंचित सरकत होता, आणि त्याच्या बोल्टांभोवती गंजाची तांबूस भुकटी साचली होती. येथे नवा बॉक्स बसवला असता, तर तोही त्याच सैल बोल्टांवर हलत राहिला असता.

मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवला आणि चाक वरून आणि खालून धरून हलवले. डावे चाक किंचित हलले. पुतण्याने ब्रेक दाबल्यावर ती हालचाल थांबली; याचा अर्थ दोष व्हील बेअरिंगचा होता, किंग पिनचा (चाक ज्यावर डावीउजवीकडे वळते त्या पिनचा) नव्हे.

नाना पेठेतून ड्रॅग लिंकचा एंड आणला. चेसिसला तडा नसल्याची खात्री बॉक्स उतरवून, जागा ब्रशने घासून केली. तडा असता तर वेल्डिंगशिवाय इलाज नव्हता. नवे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, एंडचा नट सुटू नये म्हणून त्याला नवी कॉटर पिन घातली, बेअरिंग अ‍ॅडजस्ट करून घेतले आणि शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरच्या बाजूने किती आत वळलेली आहेत ते, तपासून घेतले.

आता प्ले 2 सेंटीमीटरच्या आत आहे. उरलेला प्ले बॉक्समधला असून तो वरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूने काढून देण्याची तयारी मिस्त्रींनी दाखवली, पण मी नको म्हटले. तो स्क्रू जास्त आवळला, तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि आतले गिअरही लवकर झिजतात. काही शे किलोमीटर चालल्यावर बॉक्सचे बोल्ट पुन्हा तपासणार आहे.