नोकरी मिळत होती, मग एम.एस्सी. का केलं?

बीसीएस, म्हणजे संगणकशास्त्राची पदवी करणाऱ्या मुलामुलींचे आईवडील भेटले की हे हमखास विचारतात: हिंजवडीतली नोकरी चालून आली होती, मग आणखी दोन वर्षं शिकण्यात का घालवलीत? तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मला बायनरी सर्चची स्लिप, म्हणजे प्रश्नाची चिठ्ठी, आली होती: यादीतून एखादा आकडा शोधून देणारा प्रोग्राम लिहायचा. यादी क्रमाने लावलेली, मधला आकडा बघायचा, हवा असलेला त्याहून लहान तर डावा अर्धा भाग धरायचा, मोठा तर उजवा. दहा लाख आकड्यांतून वीसेक तुलनांत काम होतं. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला, आउटपुट बरोबर आलं, पैकीच्या पैकी गुण मिळाले. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकात होता तसाच लिहिला होता.

एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात सरांनी तोच प्रोग्राम मला फळ्यावर लिहायला लावला आणि विचारलं, "हा बरोबर आहे, कशावरून?"

"चालवून बघितलाय, सर."

"किती याद्यांवर?"

चार. मला सांगायचीही लाज वाटली.

मग त्यांनी लूप इन्व्हेरियंट समजावलं. आकडा यादीत असेलच, तर तो 'लो' आणि 'हाय' (शोधायच्या उरलेल्या भागाची डावी आणि उजवी टोकं) यांच्या दरम्यानच आहे, हे विधान प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खरं असतं हे दाखवायचं, आणि दर फेरीला ते अंतर घटतंच हेही. अकरावीच्या गणितात गुणांसाठी घोकलेलं इंडक्शन इथे उपयोगी पडलं! त्या संध्याकाळी जयकर ग्रंथालयात बसून मी पूर्ण सिद्धता स्वतः लिहिली. तसा आनंद मला प्लेसमेंटच्या पत्रानेही दिला नव्हता.

पुढच्या तासाला सरांनी 2006 सालची हकिकत सांगितली. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबर तयार मिळणाऱ्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. मध्य काढताना लो आणि हाय यांची बेरीज करून निम्मी करत होते. 32 बिटांच्या पूर्णांकात 2147483647 च्या पुढची संख्या मावत नाही. यादी सुमारे 107 कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज ऋण होऊ शकते आणि प्रोग्राम कोसळतो. कागदावरच्या सिद्धतेत पूर्णांकांना अंत नव्हता, यंत्रात होता. उपाय एका ओळीचा: हाय मधून लो वजा करून त्याचं निम्मं लो मध्ये मिळवायचं. स्लिपसाठी मी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही तीच चुकीची ओळ होती.

या दोन तासांसाठी मी ती दोन वर्षं पुन्हा देईन.

पगाराचं विचाराल तर एम.एस्सी.ने तो वाढेलच असं मी कुणालाच सांगत नाही. नुसती चांगली नोकरी हवी असेल तर तुमच्या मुलीला नोकरी करू दे, त्यात काही कमीपणा नाही. आणि संशोधन फार पुढची गोष्ट आहे असंही समजू नका. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट, हमखास ओळखण्याची रीत 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवालांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्याबरोबर शोधली. त्या दोघांचं बी.टेक. तेव्हा नुकतंच संपलं होतं.

तिला रविवारी माझ्याकडे पाठवा. येताना स्वतः लिहिलेला, व्यवस्थित चालणारा एखादा प्रोग्राम घेऊन येऊ दे. तो बरोबर कशावरून, एवढंच विचारणार आहे.